घाटातलं थांबायचं वळण

४ जून

प्रिय वन्सं,

"वन्सं" म्हटलं की तू फणकारतेस, म्हणून मुद्दाम तिथूनच सुरुवात. फोनवर हे सगळं सांगायचा प्रयत्न करून झाला. आमच्या वस्तीवरचा फोन पहिलं वाक्य तुझ्यापर्यंत पोचवतो आणि दुसरं दरीत टाकतो. तेव्हा आता पत्र. बसच्या ड्रायव्हरकडे देते, तो खाली शहरात टपालात टाकेल.

आप्पांची गाडी तापते आहे. सपाटीवर काही नाही, उतारावर काही नाही. वस्ती सोडून खिंडीचा चढ लागला की काटा मधल्या रेघेवरून उठतो आणि हळूहळू तांबड्याकडे सरकायला लागतो. खिंड ओलांडून दवाखान्याकडे उतरलं की पुन्हा शहाण्यासारखा मधे येऊन बसतो. येताना पलीकडच्या चढावर तोच तमाशा.

खालच्या मिस्त्रीला दाखवली. (आम्ही त्याला हातोडी म्हणतो. कुठलंही काम आलं की आधी तीच हातात घेतो.) त्याने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, कूलंट नवीन भरलं. गाडी पूर्वीइतकीच तापते. आता तो म्हणतो, हेड गॅस्केट गेलं असणार, इंजिन उघडावं लागेल, गाडी त्याच्याकडे सोडावी लागेल. किती दिवस ते विचारलं तर आकाशाकडे बघतो.

आणि गाडी सोडायची कशी? तुमच्या शिकवणीच्या बाईंना आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला न्यायचं असतं. वस्तीवर दुसरी फोर-व्हील नाही आणि बस त्या वेळेला नसते. तुझ्या दादाला बोटीवर कळवलं, तर तो म्हणतो, "विकून टाक, जुनी झालीय." समुद्रात राहणाऱ्या माणसाला चढ काय माहीत.

आप्पांना विचारशील का? पण जरा बेताने. गाडी माझ्या हातात देऊन ते तुझ्याकडे येऊन राहिले त्याला वर्षही झालं नाही, एवढ्यात मी तिचं वाट्टोळं केलं असं त्यांना वाटायला नको. त्यांच्या डोळ्यांचं कसं आहे?

तुझी,
वहिनी

१३ जून

वहिनी,

बेताने विचारलं. "आप्पा, एखादी जुनी डिझेल गाडी चढावर तापली, तर काय काय बघायचं?" असं अगदी सहज, भाजी निवडताना. ते म्हणाले, "आपली तापली का?" संपलं माझं बेताने विचारणं.

डोळ्यांचं तसंच आहे. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसतं. दिवसभर गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुणाचा बेल्ट सैल आहे ते मला सांगतात. मी काय करू त्या माहितीचं? बाकी गप्पच असतात. पण तुझं पत्र वाचून दाखवलं आणि माणूस खुर्चीत ताठ झाला. लिही म्हणाले. त्यांच्याच शब्दांत देते आहे, मला यातलं ओ का ठो कळत नाही:

"हातोडीला सांग, हात आवर. गॅस्केट गेलं की ते आधी कळवतं. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, मग सुरू करायचं. पाण्यात बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट, नाहीतर नाही. गरम असताना झाकणाला हात लावलास तर तोंड भाजून घेशील, हे तिला दोनदा लिही. ऑइलची कांडी काढून बघ, ऑइल दुधाळ झालंय का. धूर पांढरा येतो का. पाणी कमी होतं का. मग पंखा. गाडी तापली की पंख्याचा आवाज वाढला पाहिजे, घोंघावला पाहिजे. आणि रेडिएटरला दोन जाड नळ्या आहेत, वरची आणि खालची. गाडी तापली की बंद करून, फडकं धरून दोन्ही चाचपायच्या. वरची गरम आणि खालची गार, तर पाणी फिरत नाही. दोन्ही सारख्याच गरम, तर पाणी फिरतंय पण गार होत नाहीये."

गरम असताना झाकणाला हात लावू नकोस. (हे दुसऱ्यांदा.)

शेवटी एक वाक्य म्हणाले, ते लिहू नकोस असं म्हणाले नाहीत म्हणून लिहिते. "गाडी माझ्याकडे नीट होती. चालवणारी नवीन आहे." मनाला लावून घेऊ नकोस. मी कॉलेजात असताना त्यांनी मला ती गाडी अंगणात फिरवायला शिकवली, तेव्हा दरवाजा लावल्याच्या आवाजावरून मला ऐकवलं होतं.

तुझी,
(फणकारलेली) वन्सं

१९ जून

प्रिय वन्सं,

मनाला लावून घेऊ नकोस म्हणालीस, पण मी घेतलं. दोन दिवस घेतलं, मग सोडलं, कारण मलाही तेच वाटत होतं.

आता निकाल ऐक, आणि आप्पांना मोठ्याने वाचून दाखव. गार इंजिनावर झाकण उघडून सुरू केलं. बुडबुडे नाहीत. ऑइल काळंकुट्ट, दुधाळ अजिबात नाही. धूर नेहमीसारखा. पाणी तेवढंच्या तेवढं. पंखा असा घोंघावतो की बाई म्हणाल्या, विमान उडतंय का गं. आणि नळ्या दोन्ही सारख्याच गरम, फडक्यातूनही चटका बसला. म्हणजे आप्पांच्या हिशेबाने पाणी फिरतंय पण गार होत नाहीये.

मग मी मनाने आणखी एक केलं. रेडिएटरमध्ये चिखल बसला असेल म्हणून इंजिनाच्या बाजूने धुतला, नंतर पुढून पाइप लावून ग्रिलमधून जोरात पाणी मारलं. ते आत जाण्याऐवजी सगळं माझ्याच तोंडावर उडालं. नखशिखांत भिजले. ग्रिल काढून बघावी म्हटलं, तर तिचे स्क्रू इतके गंजलेत की हातोडीनेही नाद सोडून दिला होता. काटा मात्र जैसे थे.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते लिहिते. गेल्या महिन्यात एकदा खिंडीच्या अलीकडे गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ आली, बाई आत बसलेल्या. इंजिन गार होऊन आम्ही पोचेपर्यंत त्यांची मशीनची वेळ निम्मी गेली होती. पुढचा माणूस बाहेर बसलेला, म्हणून त्यांचं डायलिसिस अर्ध्यात आटोपलं. त्या रात्री त्यांचे पाय सुजले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की असं पुन्हा झालं तर त्यांना दवाखान्याजवळच्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. बाईंच्या पुतण्याने तिथे खोलीची चौकशी करून ठेवली आहे.

बाईंना हे ठाऊक आहे. काल घरातून निघताना दाराच्या चौकटीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. तुला आणि तुझ्या दादाला ज्या खोलीत त्यांनी पाढे शिकवले तीच खोली गं ती. अजून भिंतीला फळा आहे, त्यावर आता औषधांच्या वेळा लिहितात.

मला ती गाडी नीट व्हायला हवी आहे. माझ्या चालवण्यात चूक असेल तर तसं सरळ सांगा, मी शिकेन.

तुझी,
वहिनी

२८ जून

वहिनी,

हे आधी का नाही सांगितलंस? एकटीच उरावर घेऊन बसलीस. बाईंचं वाचून मी ऑफिसात अर्धा दिवस चुकीचे नकाशे काढले.

आप्पांना सगळं वाचून दाखवलं. बाईंच्या पायांचं ऐकल्यावर म्हणाले, "ते चालवणारीचं वाक्य मागे घेतो असं लिही." आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. जपून ठेव.

मग विचारात पडले. पंखा ठीक, पाणी ठीक, गॅस्केट ठीक. मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आप्पा, ती हीटर पूर्ण लावते ना पण?" ते म्हणाले, "लावत असेलच की, चढ आहे म्हटल्यावर."

लावतेस ना? की आम्ही कुणी तुला सांगितलंच नाही? तू तर आधी नेहमी बसनेच जायचीस.

आमच्याकडे चढ लागला की खिडक्या उघडायच्या आणि हीटर पूर्ण सोडायचा, हे इतकं ठरलेलं की मला वाटायचं सगळ्याच गाड्यांना असंच करतात. नोकरी लागली त्या वर्षी साहेबांच्या गाडीतून टेकडीवर चाललो होतो, भर उन्हाळ्यात. चढ आला, मी पुढे बसले होते, हात लांब करून हीटर चालू केला. साहेबांनी गाडी बाजूला घेऊन मला विचारलं, बरं वाटत नाही का? तेव्हापासून कानाला खडा. पण घरच्या गाडीत हात अजून आपोआप त्या बटणाकडे जातो.

आप्पा म्हणतात, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आत आणून सोडतो. आपण भाजतो, इंजिन वाचतं. आणि आणखी एक. खिंडीच्या अलीकडे दगडी कठड्याचं वळण आहे ना, तिथे ते थांबायचे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून, इंजिन चालू ठेवून. ते दरी बघायला थांबतात असं मला आजपर्यंत वाटत होतं. आज विचारलं तर म्हणाले, "दरी कसली. काटा खाली यायची वाट बघायचो."

तेव्हा लाव हीटर, थांब त्या वळणावर, आणि कळव.

तुझी,
वन्सं

५ जुलै

प्रिय वन्सं,

हीटर! या उकाड्यात हीटर! मी हे पत्र तीनदा वाचलं आणि मग एकटीच हसत बसले. लग्न झालं तेव्हा तुम्ही मला भांडी कुठे ठेवायची, झाडांना पाणी कधी घालायचं, आप्पांशी सकाळी चहाआधी का बोलायचं नाही, सगळं सांगितलंत. गाडीत भाजून घ्यायचं असतं एवढंच तेवढं राहिलं.

तर लावला. आणि आप्पांना सांग, त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. काटा तांबड्याच्या बऱ्याच अलीकडे थांबला. कठड्याच्या वळणावर थांबले, वाऱ्याकडे तोंड केलं, काटा खाली आला. खिंड ओलांडली. वेळेच्या आधी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि लगेच मशीन लावायला सांगितलं. गेल्या तीन खेपा असंच चाललंय. माझा जीव भांड्यात पडला आहे, तुम्हा दोघांमुळे. तू त्या साहेबांच्या गाडीत फजिती करून घेतली नसतीस तर आज मी कुठे असते?

पण हे कायमचं चालायचं नाही. माझ्यासाठी नाही म्हणत, मी गाळेन घाम. बाईंना दिवसभरात पाणी मोजून प्यायचं असतं. हीटर लागला की त्यांच्या तोंडाला कोरड पडते. मागितलं तरी देता येत नाही, आणि त्या मागतही नाहीत. काल बाटलीच्या झाकणाने ओठ ओले केले आणि मला म्हणाल्या, "तू पुढे बघ." मी पुढे बघितलं.

हीटरने दुखणं दबतं, जात नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी डॉक्टर काय करतात ते दर खेपेला बघते. ते पेशंटला पहिला प्रश्न विचारतात, "कधीपासून?" हातोडीने तो विचारला नाही, मीही नाही. तेव्हा तू आप्पांना विचार. गाडी पहिल्यापासून अशीच होती का? हीटर लावायला कधी सुरुवात झाली?

तुझी, शेकून निघालेली,
वहिनी

१५ जुलै

वहिनी,

मी आप्पांना विचारायच्या आधी स्वतःलाच विचारलं, म्हणजे उत्तर लवकर मिळेल म्हणून. आणि मला शाल आठवली.

मी शाळेत होते तेव्हा आम्ही चौघं त्या गाडीतून खिंड ओलांडायचो. आप्पा चालवायला, आई पुढे, मी आणि दादा मागे. आईचे पाय सदा गार. चढावर वारा लागायचा तेव्हा ती पायांवर करड्या रंगाची शाल घेऊन बसायची आणि म्हणायची, "अहो, जरा हीटर लावा." आणि आप्पा म्हणायचे, "कशाला उगीच." वहिनी, त्या गाडीत तेव्हा हीटर कधी लावतच नव्हते! त्यावरून दोघांची दर वेळी कुरकुर व्हायची. मला वाटत होतं हीटर पहिल्यापासूनचा आहे. तो मुळीच पहिल्यापासूनचा नाही.

मग आप्पांजवळ जाऊन बसले. गॅलरीत होते. विचारलं, हीटर कधीपासून? म्हणाले, "ती गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून."

मी म्हटलं, मग तेव्हा मिस्त्रीला का नाही दाखवली?

तर म्हणाले, "मला वाटलं, गाडीलाही माझ्यासारखंच झालंय."

मी आत येऊन उगीच ओटा पुसला. आईनंतर आप्पा रडले नाहीत, काही बोलले नाहीत, गाडी धूत बसायचे. तिला हात लावलेला कुणाचा खपायचा नाही, ते तर आधीपासूनच. पण त्या वर्षी त्यांनी ती रंगवलीसुद्धा, चाकांच्या वाट्या, पुढचं सगळं, काळ्या रंगाचे दोन-दोन हात देऊन.

एवढंच सापडलं आहे. आई गेली आणि गाडी तापायला लागली. याचा मिस्त्रीला काय उपयोग, मला माहीत नाही. तू आईला पाहिलं नाहीस याचं मला नेहमी वाईट वाटतं. तुमचं जमलं असतं. आप्पांच्या माघारी त्यांच्यावर हसायला तिला जोडीदार हवाच होता.

तुझी,
वन्सं

२६ जुलै

प्रिय वन्सं,

खाली बस आणि आप्पांनाही जवळ बसव. सावकाश वाच, पळवू नकोस.

तुझं पत्र बस ड्रायव्हरने गेल्या आठवड्यात सकाळी वाटेतच हातात दिलं. डायलिसिस चालू असताना बाईंना काहीतरी वाचून दाखवावं लागतं, चार तास छताकडे बघून कंटाळतात. म्हणून तेच वाचलं. शालीचं वाचलं तेव्हा त्या हसल्या. आप्पांचं वाक्य वाचलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. तर डोळे न उघडता म्हणाल्या, "मग आता जाळी कोण काढतं?"

मी विचारलं, कसली जाळी?

बाई म्हणाल्या, "अगं, पुढची. गवताची."

आणि मग त्यांनी सांगितलं. तुम्ही लहान असताना एका वर्षी खिंडीतलं गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्याची कुसळं उडून रेडिएटर भरला आणि गाडी उकळली. तेव्हा तुझ्या आईने खिडकीला लावतात तसली डासांची जाळी आणली, बेतून कापली, कडेला जुन्या पडद्याची पट्टी शिवली, चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि ग्रिलच्या मागे बांधली. आप्पांनी कौतुकाने बांधू दिली. पुढे ते विसरून गेले, ती गाडीचाच एक भाग झाली.

पण जाळी बारीक. कुसळं अडतात तशी हवाही अडते. म्हणून गवत कापून झालं की तुझी आई ती काढायची, पुढच्या वर्षी गवत वर आलं की पुन्हा बांधायची. आप्पांना गाडीला हात लावलेला खपत नाही ना, म्हणून ते दुपारी झोपले की. खालून हात घालून नाड्या सोडायची, बॉनेटसुद्धा न उघडता. जाळी पदराखाली घेऊन बाईंच्या अंगणातल्या नळावर धुवायला जायची. दोघी तिथे चहा प्यायच्या. बाई म्हणाल्या, "दर वर्षी मला सांगायची, बाई, यांना सांगू नका हं, यांना वाटू दे गाडी यांच्याच हुशारीने चालते."

वन्सं, मी दवाखान्याच्या आवारातच गाडीखाली आडवी झाले. साडीचं काय झालं विचारू नकोस. ग्रिलच्या मागे हात घातला आणि बोटांना कापडाची पट्टी लागली.

नाड्या कुजल्या होत्या, ओढल्यावर तुटल्या. बाहेर आलं ते जाळी म्हणण्यासारखं राहिलंच नव्हतं. कुसळं, किडे, चिखल, आणि त्यावर आप्पांनी दिलेले काळ्या रंगाचे हात. उन्हाकडे धरली तर उजेड पलीकडे येईना. मी मारलेलं पाणी माझ्याच तोंडावर का उडालं, ते तेव्हा कळलं. काळ्या ग्रिलमागे काळी जाळी, हातोडीला तरी कशी दिसणार? एका कोपऱ्यात मात्र रंग पोचला नव्हता. तिथे पडद्याची पट्टी अजून पिवळी आहे, त्यावर बारीक निळी फुलं, आणि टाके इतके सारखे की मी नुसती बघत राहिले.

आम्ही निघालो. हीटर बंद. चढ लागला. मी काट्याकडे बघत होते, बाईही बघत होत्या. पुलापाशी मधे. पाइनच्या झाडांपाशी मधे. खिंडीच्या तोंडाशी जेमतेम एक केसभर वर, आणि पलीकडे उतरलो की पुन्हा मधे. बाईंनी खिडकी अर्धी वर केली आणि म्हणाल्या, "आता मला गार वाटतंय. तुझ्या सासूसारखं." मी हसायला गेले आणि रडायलाच आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाल्या, तू पुढे बघ.

त्यानंतर प्रत्येक खेप वेळेवर झाली आहे. डॉक्टरांनी काल फाइल मिटत सांगितलं की सध्या बाईंना हलवायची काही गरज नाही. पुतण्याला कळवलं. बाईंनी फळा पुसून औषधांच्या वेळा नव्याने, मोठ्या अक्षरांत लिहिल्या. घर सोडणाऱ्या माणसाने कशाला लिहिल्या असत्या?

सासूबाईंना मी पाहिलं नाही, खरं आहे. पण त्यांचे टाके बघितले. इतकी वर्षं त्यांच्या हातामुळे ती गाडी चढ चढत होती, आणि त्यांचा हात थांबल्याचं इंजिनाशिवाय कुणाला कळलं नाही. आप्पांना म्हणावं, गाडीला तुमच्यासारखंच झालं होतं, हे अगदी बरोबर होतं. दोघांचंही बघणारं माणूस गेलं होतं.

जाळी धुऊन ठेवली आहे. बाईंच्याच नळावर. रंग निघत नाही. काय करू तिचं?

तुझी,
वहिनी

२ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. जाळीपर्यंत आले आणि थांबले. ते म्हणाले, पुढे वाच. वाचलं. मग "यांना वाटू दे गाडी यांच्याच हुशारीने चालते" या वाक्यापाशी ते हसायला लागले. आईनंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्या चष्म्याने त्यांना तसंही काही दिसत नाही.

रात्री जेवताना आपणहून आईच्या गोष्टी सांगत होते. मला माहीत नसलेल्या. आज सकाळी कागद मागितला, जाड पेन मागितलं आणि मला खोलीबाहेर काढलं. सोबत त्यांचं पत्र आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण लागेल तुला.

मी तुझे आभार मानत नाही, तू चिडशील. वर्षभर गॅलरीत गप्प बसलेला माझा बाप तू परत पाठवलास, एवढंच नोंदवून ठेवते.

तुझी,
वन्सं

सूनबाईस आशीर्वाद.

डोळ्याच्या कडेने लिहितो आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

ती जाळी टाकू नकोस. वापरूही नकोस, रंगाने तिची छिद्रं बुजली, ते माझं काम. मागे ती आहे हे विसरून रंग देत गेलो. कडेची पट्टी उसवून नव्या जाळीला लाव. गवत वर आलं की बांध, कापलं की काढ. भर दुपारी सगळ्यांदेखत काढ. ज्याच्यापासून लपवायचं तो मी तिथे नाही, आणि असतो तरी आता काही बोललो नसतो.

ग्रिलचे स्क्रू रॉकेल लावून दोन दिवस ठेव, निघतील. हातोडीला सांगू नकोस.

ती दर वर्षी हे करायची आणि मला एकदाही म्हणाली नाही. मी तिचे आभार मानले असते की ओरडलो असतो? ओरडलोच असतो. आता आभार मानायचे राहिलेत, ते तुझ्याकडे देतो. तुझ्या हाताने ती जाळी निघाली, तेव्हा ठेवून घे. बाईंनाही थोडे दे, चहाबद्दल.

आणि एक काम कर. कठड्याच्या वळणावर आता गाडीला थांबायची गरज नाही. तरी थांब. इंजिन बंद कर. इतकी वर्षं मी तिथे उभा राहिलो, पण नजर काट्यावरून हलली नाही. त्याआधी ती शेजारी होती तेव्हा त्या वळणावर म्हणायची, अहो, बाहेर बघा तरी. मी म्हणायचो, थांब, चढ संपू दे.

बाईंना घेऊन नीट बघ, आणि तिथून काय दिसतं ते मला सविस्तर लिही.

आप्पा